यंत्राला नातेवाईक नसतात

हे वाक्य माझं आहे. पिवळ्या कागदावर, पत्रकाच्या मथळ्यात छापलं होतं आणि त्या बाजारगावातल्या प्रत्येक हातगाडीवर मी स्वतः नेऊन दिलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. आळेफाट्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव लिहिलं की तिथले लोक म्हणतात बदनामी केली, आणि बाकीच्या गावांतले म्हणतात आमच्याकडं असलं काही होत नाही. दोन्ही खोटं.

मी आंबेगाव तालुक्यातला, निरगुडसरच्या बाजूचा. संगणकाचा डिप्लोमा अर्धवट टाकून फेरीवाल्यांच्या संघटनेत आलो. पत्रक लिहायला तिथंच शिकलो. पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही, ही पहिली शिकवण. ती मी इतकी मनावर घेतली की पुढं बोलतानाही तो शब्द माझ्या तोंडी उरला नाही.

प्रकरण असं झालं. रस्ता रुंद करायचा म्हणून एस.टी. स्टँडच्या भिंतीला लागून बसणाऱ्या सगळ्यांना उठवायचं ठरलं. एक्केचाळीस जण. त्यांच्यासाठी स्टँडच्या मागं शटरवाले गाळे बांधले, बारा. माणसं एक्केचाळीस आणि गाळे बारा, हे गणित ज्यानं मांडलं तो माणूस मला अजून भेटायचा आहे. तो कुठल्याच सभेला येत नाही. उरलेल्या एकोणतीस जणांचं काय, याचं उत्तर कागदावर होतं: पुढील टप्प्यात विचार करण्यात येईल. पुढचा टप्पा कधी येतो हे आपल्याकडं शाळेतलं पोरही सांगेल.

गाळे सोडतीनं द्यायचे होते. सोडतीचा इथला इतिहास घाणेरडा. मागच्या वेळी ग्रामपंचायतीच्या स्थानिक सदस्याच्या माणसांच्या चिठ्ठ्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या होत्या. घागरीत हात घातला की बोटांना कळायचं. सगळ्या गावाला माहीत होतं, सिद्ध कुणालाच करता आलं नाही, कारण सोडत संपल्या संपल्या चिठ्ठ्या बंबात गेल्या. म्हणून आम्ही अडून बसलो. घागर नको, संगणक लावा. दोन महिने अर्ज दिले, दारात बसलो, घोषणा दिल्या. सदस्य निकालानंतर काहीतरी खुसपट काढून सोडत रद्द करील अशी भीती होती, म्हणून मी मागणीपत्रात आणखी एक कलम घातलं. संगणकाचा निकाल अंतिम राहील. सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पुन्हा कुणाचंही काहीही ऐकून घेतलं जाणार नाही. हे कलम लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

अर्ज कधी घ्यायला लागणार हे कळल्यावर मी चाचीला जाऊन सांगितलं, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बस. रजिस्टरात पहिला नंबर लागला की तुझं नाव कुणाच्या बापाला गाळता येणार नाही.

चाची म्हणजे बांगडीवाली. माहेर जुन्नरच्या मणियारांचं, लग्न होऊन या गावात आलेली. एस.टी. स्टँडच्या भिंतीला पाठ लावून ती इतकी वर्षं बसली होती की भिंतीवर तिच्या पाठीचा डाग होता. बायका आल्या की ती माप विचारायची नाही. हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा गड्डा दाबून बघायची आणि दोन-चार की दोन-सहा ते सांगायची. शेतातल्या कामानं जाड झालेल्या हातात काचेची बांगडी न तडकता चढवणं हे काम आहे. ते तिला यायचं. लग्नाच्या दिवसांत ओतूरपासून बायका हिरवा चुडा भरायला तिच्याकडं यायच्या.

पण तिचा उजवा खांदा गेला होता. रोज सकाळी पेटी हातगाडीवर चढवायची, स्टँडवर आणायची, संध्याकाळी परत न्यायची. रस्ता असा की रोज पेटीच्या तळाला काचेचा चुरा निघायचा. गाळा मिळाला तर माल तिथंच ठेवून शटर ओढून घरी जाता येणार होतं. नाही मिळाला तर धंदा बंद. हे तिनं मला सरळ सांगून टाकलं होतं, डोळ्यांत पाणीबिणी न आणता. "या पेटीनं मला उचलायचे दिवस आले," म्हणाली आणि हसली.

अर्जांच्या पहिल्या दिवशी ती उजाडताच ग्रामपंचायत ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसली, थर्मासमध्ये चहा घेऊन. कारकून आला तेव्हा त्यालाही अर्धा कप दिला. पावतीवर एक नंबर. ती पावती तिनं सगळ्या स्टँडला दाखवली. तिच्या मागं दोन नंबर आमचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे कुकर दुरुस्त करणारे एक वयस्क भाऊ, गळ्यात रबरी रिंगांची माळ अडकवून बसायचे. जुनी बसणारी माणसं सगळी पहिल्या दोन-तीन दिवसांत नोंदली गेली. शेवटच्या दिवशी दुपारी सदस्य स्वतः सात-आठ जणांना घेऊन आला आणि त्यांची नावं घातली. त्यातले निम्मे त्या भिंतीशी कधी बसलेलेच नव्हते. आम्ही बोंब मारली. कारकून म्हणाला, मुदत पाचपर्यंत आहे, आत्ता चार वाजलेत.

सोडतीचा प्रोग्रॅम मी लिहिला. इथं थोडं सांगायला लागेल, कारण पुढचं सगळं यावर आहे.

सोडतीला ज्यांचा नेम नाही असे आकडे लागतात. पुढचा आकडा कोणता येईल हे कुणालाच सांगता येऊ नये. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये असे आकडे देणारा एक भाग असतो. पण साधारण कुणी प्रोग्रॅम लिहिताना त्या भागाकडं थेट जात नाही. तो ऑपरेटिंग सिस्टमकडं मागतो. सिस्टम चार ठिकाणांहून गोळा करून, मिसळून देते. मला ते मान्य नव्हतं. आमची सगळी चळवळ दलालांविरुद्धची. शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कुणी नको, फेरीवाला आणि ऑफिस यांच्यामध्ये कुणी नको. मी सभेत सांगितलं होतं की आपल्या सोडतीतही मध्ये कुणी नसणार, आकडा थेट प्रोसेसरच्या पोटातून येणार. टाळ्या पडल्या. मग प्रोग्रॅमही तसाच लिहिला. सिस्टमला बाजूला सारून थेट आत हात घालणारा. माझ्या लॅपटॉपवर वीस वेळा चालवून बघितला. दर वेळी वेगळा निकाल. झकास.

मधल्याला मी दलाल समजलो, पण तो तिथं तपासणीला बसलेला असतो. हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं, पटलेलं नव्हतं. प्रोसेसर कारखान्यातून दोष घेऊन बाहेर पडतात. एखादा दुसरा नाही, बरेच. वाळूच्या कणाएवढ्या जागेतला दोष, तो उघडून दुरुस्त करता येत नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टम सुरू होताना, पडद्यावर काही दिसायच्या आधी, प्रोसेसरला तपासते. बेल्ह्याच्या बैलबाजारात घेणारा बैलाचं तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, तसं. कोणत्या बनावटीचा आहे, त्या बनावटीत कोणते दोष सापडलेत, यात आहेत का. असले तर ते काम त्याच्याकडून घ्यायचं नाही, दुसऱ्या वाटेनं करून घ्यायचं. आणि हे सगळं ती एकेका ओळीत लिहून दाखवते. आकडे देणाऱ्या भागालाही ती चार-सहा वेळा विचारून बघते. दर वेळी तोच आकडा आला, तर लिहिते.

बहुतेक ठिकाणी त्या ओळी लपवलेल्या असतात, एखादं गोल फिरत राहतं. मी माझ्या पेनड्राइव्हवरच्या सिस्टममध्ये त्या मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. लोकांपासून काही लपवायचं नाही, पारदर्शकता.

सोडतीच्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. तालुक्याहून अधिकारी आलेले, सदस्य पहिल्या रांगेत, कारकून रजिस्टर मांडीवर घेऊन. चाची बायकांच्या बाजूला, नवी साडी नेसून. मी लॅपटॉप काढला तर अधिकारी म्हणाले, खासगी मशीन चालणार नाही, ऑफिसचं वापरा. उद्या कुणी म्हणायला नको. मला त्यात खोट काढता येईना. उलट बरंच वाटलं. कोपऱ्यातला संगणकाचा एक जुना डबा त्यांनी पुसून टेबलावर ठेवला. कुठल्या तरी शहरातल्या कंपनीनं फेकलेला, कुणीतरी घाऊक घेऊन ऑफिसच्या गळ्यात मारलेला. मी पेनड्राइव्ह लावला, डबा त्याच्यावरून सुरू केला. प्रोजेक्टर सुरू केला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर अक्षरं सरकायला लागली, वीतभर उंचीची.

त्यातली एक ओळ मी वाचली.

पूर्ण वाचली, हे आज लिहून टाकतो, कारण तिच्याबद्दल मी पुढं दोघांशी खोटं बोललो. ज्यानं कुणी ती ओळ सिस्टममध्ये लिहून ठेवली तो गमत्या माणूस असावा. इंग्रजीत लिहिलं होतं की या प्रोसेसरच्या आकड्यांना वास मारतोय, ते न वापरलेले बरे. भिंतीवर, भरल्या हॉलसमोर. वाचून अर्थ कळणारा मी एकटा. ती ओळ दोन सेकंद राहिली आणि वर सरकून गेली.

अध्यक्ष माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "हे काय लिव्हलंय?"

"काय नाय, भाऊ," मी म्हणालो, "मशीन उठताना बडबडतं."

पाच मिनिटं मागितली असती तर मिळाली असती. अधिकारी चहा पीत होते. प्रोग्रॅमची एक ओळ बदलायची होती, थेट प्रोसेसरऐवजी सिस्टमकडं मागायचं, बस. पण सगळ्यांच्या हातात माझं पिवळं पत्रक होतं. त्यांच्यासमोर मी प्रोग्रॅम उघडून त्यात बोटं घालणार? सदस्य टपूनच बसला होता. आणि असंही वाटलं की सिस्टम अशा शंभर शंका घेते, चालतंय ना. सरकारी ऑफिसात कारकून 'चालतंय ना' म्हणतो तेव्हा त्याच्यावर मी अख्खं पत्रक काढलेलं आहे.

मी बटण दाबलं. पहिला गाळा, मोबाइलची कव्हरं विकणारा. सदस्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा गाळा, सदस्याचा साडू. कुजबुज झाली. तिसरा, एक नवी मुलगी, मोमो विकायची, तिचा कुणाशी संबंध नव्हता. ती रडायला लागली आनंदानं. भिंतीवर फक्त नावं येत होती, नंबर नव्हते. नंबरानं लोक गोंधळतील म्हणून मीच काढले होते. पण यादी मी टाइप केली होती. शेवटून पहिलं, शेवटून दुसरं, शेवटून तिसरं.

चौथं नाव आलं तेव्हा मला कळलं.

तो भाग दर वेळी एकच आकडा देत होता, त्याला देता येईल तेवढा मोठ्यात मोठा. माझ्या प्रोग्रॅममध्ये मोठ्यात मोठा आकडा म्हणजे यादीतलं शेवटचं नाव. ते निघालं की उरलेल्या यादीतलं शेवटचं. मग त्याच्या आधीचं. पहिल्या नंबराला त्या दिवशी बारा गाळ्यांत काय, चाळीस गाळ्यांतही जागा नव्हती.

योगायोग असेल, असं मी स्वतःला म्हणालो. आयुष्यात कुठल्या अधिकाऱ्याचा योगायोग मी ऐकून घेतला नव्हता. आणि आठ वेळा आणखी बटण दाबलं. चाची प्रत्येक नावाला मान थोडी पुढं करायची आणि परत मागं घ्यायची. बाराव्या नावानंतरही ती भिंतीकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल आणखी आहेत. शेजारच्या बाईनं तिचा दंड धरला तेव्हा उठली.

अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. माझं अभिनंदन केलं; असा स्वच्छ कार्यक्रम तालुक्यात पहिलाच, म्हणाले. सदस्यानंही हात मिळवला, जरा जास्तच वेळ. वायरी गुंडाळताना कारकून जवळ आला, रजिस्टर काखेत.

"पावणं, एवढं मशीन कशाला लावलं?" तो हळूच म्हणाला. "मला सांगायचं, मी रजिस्टर उलटं वाचून दाखवलं असतं की."

मग कुलूप लावायला निघून गेला. त्यानं बघितलं होतं आणि तो गप्प बसला, कारण गप्प बसण्याचा त्याला पगार मिळतो. मला कशाचा मिळत होता?

घरी जाऊन लॅपटॉपवर प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सगळं मिसळून येत होतं. म्हणजे दोष त्या डब्याचा. पुढचे चार दिवस मी वाचत बसलो. त्या बनावटीच्या प्रोसेसरमधला दोष जगाला माहीत होता. कारखान्यानं मान्य केला होता, इंग्रजीत, वेबसाइटच्या पार तळाशी. दुरुस्ती म्हणून एक फाइल काढली होती, ती ज्याची त्यानं घालून घ्यायची. कुणी घालायची? शहरातल्या कंपनीनं घातली नाही, तिनं डबा फेकला. घाऊकवाल्यानं धूळ पुसून विकला. ऑफिसनं बिल बघितलं. दोष वरून खाली असा उतरत आला आणि स्टँडच्या भिंतीशी बसलेल्या बाईच्या डोक्यावर पडला. हे वाक्य मी तेव्हाच मनात तयार केलं होतं, पत्रकासाठी. चांगलं वाक्य आहे. त्यात मी कुठंच नाही, म्हणून चांगलं आहे.

पुरावा आमच्याकडंच होता. सोडतीचा व्हिडिओ आमच्याच एकानं मोबाइलवर घेतला होता, विजय म्हणून पसरवायला. मी तो थांबवून थांबवून बघितला. ती ओळ सापडली. स्वच्छ, वाचता येण्यासारखी, आणि खाली कोपऱ्यात माझं डोकं, वर करून वाचत असलेलं.

पाचव्या दिवशी अध्यक्षांना दाखवलं. ते भिंत सोडून आता एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसत होते, कुकरची शिट्टी साफ करत. दोन नंबरचे ते. त्यांचाही गाळा गेलेला. त्यांनी सगळं ऐकलं, शिट्टी फुंकून बघितली. म्हणाले, पुढच्या महिन्यात तिकडं आंबेगावात दोन ठिकाणी आपण संगणकाची सोडत मागतोय.

"राव, आता हे भायेर काढलंस तर समदे म्हणतील घागर बरी व्हती," ते म्हणाले. "आपलंच पत्रक आपल्या तोंडावर मारतील."

मी भांडलो असं मला सांगायला आवडेल. मी विचार करतो म्हणालो. दोन दिवस विचार केला. संघटनेचं हित, मोठा लढा, एका गावासाठी सगळं घालवायचं का. हे शब्द मला पाठ होते, मीच इतरांना शिकवायचो. सातवा दिवस गेला. मुदत कुठल्या दिवशी संपते हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती मुदत मी लिहिली होती.

नवव्या दिवशी मी हरकतीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. व्हिडिओतल्या त्या ओळीचा फोटो मोठा करून जोडला. अधिकाऱ्यांनी तो सरळ धरून बघितला, मग जरा लांब धरून. दोष आहे हे त्यांनी नाकारलं नाही. त्यांनी आमच्याच मागणीपत्राची फाइल काढली, कलमावर बोट ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. माझी भाषा आहे, चटकन वाचता आलं.

"नवव्या दिवशी का आलात?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी म्हणालो, उशिरा लक्षात आलं. ते खोटं मी बोललो त्याच्या आदल्या दिवशी गाळ्यांच्या किल्ल्या वाटून झाल्या होत्या. मोमोवाल्या मुलीनं शटर रंगवलं होतं. सदस्याच्या साडूनं त्याचा गाळा दुसऱ्याला चालवायला दिला होता. अर्जावर शेरा पडला: मुदतबाह्य, दप्तरी दाखल.

तिथून मी चाचीकडं गेलो. स्टँडची भिंत पाडून झाली होती. ती तिच्या घराच्या ओसरीत बसून बांगड्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळत होती, डझनाडझनानं. खोके एका बाजूला रचलेले. जुन्नरचा तिचा भाचा तो सगळा माल न्यायला येणार होता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिला प्रोसेसर वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता असं कुणाला वाटेल. मी सांगितलं आणि तिला कळलं. म्हणाली, बांगडीच्या लॉटमध्येपण असं असतं, दिसायला सारखी आणि जोडाचा टाका कच्चा. कानाशी वाजवून बघितल्याशिवाय घेत नाही. मग तिनं विचारलं, म्हणजे ती उशिरा गेली असती, शेवटच्या दिवशी, तर तिला मिळाला असता का. मी हो म्हणालो.

ती गुंडाळत राहिली.

"मशीनला ठाऊक व्हतं का, चूक हाय ते?"

"हो, चाची. त्यानं आधीच लिहून दाखवलं होतं. भिंतीवर."

"आन् तुला?"

"मला चौथ्या नावाला कळलं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आतून सून आली, मला पाणी दिलं, परत गेली. चाची म्हणाली, चार नावांपर्यंत सोड. चौथ्यानंतर आठ गाळे होते. एवढंच. तिनं मोजलं होतं. त्या दिवशी हॉलमध्ये मान पुढं करून करून ती तेच करत होती.

मी विचारलं, मी आणखी काही करू शकतो का. हा प्रश्न फार सोयीचा असतो. तिनं खोक्याला सुतळी बांधायला बोट मागितलं. मी बोट ठेवलं, तिनं गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात मी दुसरं पत्रक काढलं. संघटनेच्या नावानं काढायला अध्यक्षांनी नकार दिला, म्हणून माझ्या एकट्याच्या. त्यात सगळं लिहिलं. ओळ वाचली होती, ओळीबद्दल खोटं बोललो, चौथ्या नावाला थांबलो नाही, मुदत जाऊ दिली, अधिकाऱ्यांशी पुन्हा खोटं बोललो. प्रोसेसर बनवणारे, विकणारे, विकत घेणारे यांच्यावरही लिहिलं, ते सोडायचं काही कारण नाही. संगणकाची सोडत मागणाऱ्यांसाठी खाली लिहिलं की मशीन सुरू होताना भिंतीवर जे येतं ते सगळं आधी मोठ्यानं वाचून घ्या, मराठीत सांगायला लावा, आणि सांगणाऱ्याचं तोंड बघा. अध्यक्ष आता माझ्याशी बोलत नाहीत. आंबेगावातल्या दोन्ही सोडती घागरीनं झाल्या.

पत्रकाचा गठ्ठा घेऊन मी आधी चाचीकडं गेलो. तिचं सामान गेलं होतं. ओसरी रिकामी, एका कोपऱ्यात पेटी, झाकण उघडं, आत सुनेनं कांदे ठेवलेले. चाचीला मराठी वाचता येत नाही, म्हणाली वाचून दाखव. मी वाचलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, डावा हात उजव्या खांद्यावर. मी एका ठिकाणी लिहिलं होतं: आणि ती बिचारी बांगडीवाली, जी पहाटेपासून पायरीवर बसून पहिली आली होती.

"थांब," ती म्हणाली. "बिचारी काढ त्यातलं."

मी म्हणालो, छापून झालंय, चाची.

"मग खोड. पयली आले व्हते, ते राहू दे."

सून हसली. मी पेन काढला आणि तिच्यासमोर पहिल्या प्रतीवर तो शब्द खोडला. तिनं कागद हातात घेतला, रेघ कुठं मारली ते बघितलं आणि गठ्ठ्याकडं बोट केलं. मी तिथंच ओसरीत बसून खोडायला लागलो. ती समोर बसून कांदे निवडत होती, मधून मधून एखादी प्रत उचलून बघायची, रेघ नीट पडली आहे का. दुपार झाली. सुनेनं जेवायला वाढलं. अर्ध्याहून जास्त गठ्ठा राहिला होता, तो मी आळेफाट्याला जाणाऱ्या एस.टी.त मांडीवर घेऊन खोडला. गाडी हलत होती; काही प्रतींवर रेघ 'पहिली'वरही गेली असेल.